स्पिनरचं चित्र कागदावर काढता येतं का?

प्रश्न : मॅडम, मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो आहे. इलेक्ट्रॉनसाठीचं डिरॅकचं समीकरण सोडवता येतं, त्यातल्या गॅमा मॅट्रिक्सची गणितंही जमतात, पण ज्याने त्यात इलेक्ट्रॉनचं वर्णन होतं तो स्पिनर डोळ्यांसमोर येत नाही. सदिश म्हटलं की बाण दिसतो, टेन्सर म्हटलं की निदान ताणलेला लंबगोल तरी दिसतो. स्पिनर म्हटलं की संमिश्र संख्यांचा एक रकाना दिसतो आणि ‘३६० अंश फिरवला की उणे होतो’ हे वाक्य आठवतं. दहा मितींतल्या स्पिनरांबद्दल व्याख्यान ऐकताना तर काहीच दिसत नाही. वेगवेगळ्या मितींच्या अवकाशकालात स्पिनरचं भूमितीय चित्र काढता येतं, की हा हट्टच सोडून द्यावा?

उत्तर : हट्ट सोडू नका. मी आयुष्यभर भूमिती शिकवली, आणि ‘इथे चित्र नसतं, फक्त नियम असतात’ असं सांगून विद्यार्थ्यांची बोळवण करणं मला कधीच पटलं नाही. स्पिनरचं चित्र आहे. पण बहुतेक ठिकाणी ते जिथून दाखवायला लागतात तीच जागा अवघड असते. आपलं तीन मितींचं अवकाश, त्यात इलेक्ट्रॉन, मग संमिश्र संख्यांची जोडी. इथे दोन अडचणी एकदम अंगावर येतात, एक वर्गमुळाची आणि दुसरी संमिश्र संख्यांची. म्हणून मी एक मिती कमी करून सुरुवात करते. अवकाशाच्या दोन मिती आणि काळाची एक, एवढंच जग घ्यायचं. तिथला स्पिनर म्हणजे दोन वास्तव संख्या. तो आलेखाच्या कागदावर मावतो.

तर कागदावर एक बिंदू घ्या, (अ, ब). हा स्पिनर. त्यापासून तीन संख्या बनवा :

ट = अ² + ब²
क्ष = अ² − ब²
य = २अब

ट हा काळ, क्ष आणि य या अवकाशातल्या दोन दिशा, आणि प्रकाशाचा वेग १ धरला आहे. वर्ग करून पाहा, ट² = क्ष² + य² येतं. म्हणजे (ट, क्ष, य) हा सदिश नेमका प्रकाशशंकूवर, एका बिंदूतून निघणाऱ्या सगळ्या प्रकाशकिरणांनी बनलेल्या शंकूवर, पडतो, आणि अवकाशकालाच्या मापाने त्याची लांबी शून्य भरते. अशा सदिशाला मी या उत्तरात प्रकाश-सदिश म्हणेन.

(२, १) घेतला तर (५, ३, ४) मिळतो. (३, २) घेतला तर (१३, ५, १२). ही काटकोन त्रिकोणाची त्रिकुटं शाळेतच भेटलेली असतात. ती तयार करण्याची जी रीत युक्लिडच्या काळापासून माहीत आहे, तीच दोन अधिक एक मितींच्या जगात स्पिनरपासून प्रकाश-सदिश काढण्याची रीत आहे. इतक्या जुन्या गणितात स्पिनर असा उघड्यावर बसलेला आहे, याचा आनंद मला आजही होतो.

आता (२, १) हा बिंदू उगमाभोवती ९० अंश फिरवा. तो (−१, २) वर जातो. सूत्रात घाला, (५, −३, −४) येतो. स्पिनर ९० अंश फिरला आणि प्रकाश-सदिश १८० अंश. आणखी ९० अंश फिरवा. स्पिनर (−२, −१) झाला, आणि सूत्रातून पुन्हा (५, ३, ४) बाहेर आला. सदिशाची पूर्ण फेरी झाली तेव्हा स्पिनर उगमाच्या पलीकडे, बरोबर समोरच्या बिंदूवर आहे. तुमच्या त्या पाठ वाक्याचा सगळा अर्थ एवढाच आहे. वर्ग केल्यावर उणे चिन्ह पुसलं जातं आणि कोन दुप्पट होतो. उलट दिशेने आलो की कोन निम्मा होतो आणि चिन्ह संदिग्ध राहतं.

हे हाताने करून पाहा. कागदाची गोल चकती कापा, एका त्रिज्येवर काप द्या आणि चकती शंकूच्या आकारात दोन वेढे बसतील अशी गुंडाळा. शंकूवर कुठेही बोट ठेवा, बोटाखाली कागदाचे दोन थर येतात. चकती म्हणजे सगळ्या स्पिनरांचं प्रतल, शंकू म्हणजे प्रकाशशंकू, आणि एका जागेचे दोन थर म्हणजे स्पिनर आणि त्याचा उणे स्पिनर. टोकाला मात्र एकच बिंदू आहे, शून्य. कापाच्या दोन कडा जुळवायला गेलात तर एक कडा मधल्या थरातून आरपार न्यावी लागेल. कागदाला ते जमत नाही, गणिताला जमतं. असा एक शंकू माझ्या टेबलावर नेहमी असतो, एका थरावर लाल पेन्सिलीने (२, १) आणि त्याखालच्या थरावर निळ्याने (−२, −१) लिहिलेला. (कागदी शंकूची बाजू अक्षाशी ३० अंशांचा कोन करते, प्रकाशशंकूची ४५ अंशांचा. आपण वेढे मोजतो आहोत, त्यामुळे या फरकाने काही बिघडत नाही.)

फिरवण्याबरोबरच वेगाचं रूपांतरणही या कागदावर दिसतं. अ दुप्पट करा, ब निम्मा करा. (२, १) चा (४, ½) झाला, आणि प्रकाश-सदिश झाला (१६.२५, १५.७५, ४). पूर्वी ट + क्ष ८ होते, आता ३२. पूर्वी ट − क्ष २ होते, आता ½. य जागचा हलला नाही. क्ष च्या उलट दिशेने वेगात जाणाऱ्या निरीक्षकासाठी लॉरेन्ट्झ रूपांतरण नेमकं हेच करतं. थोडक्यात, स्पिनरांचा कागद क्षेत्रफळ न बदलता आणि न उलटवता कसाही रेषीय ताणा-फिरवा, तिकडे प्रकाशशंकूवर एक लॉरेन्ट्झ रूपांतरण घडतं. क्षेत्रफळाचं इथे मोठं काम आहे. दोन स्पिनरांनी बनलेल्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ घ्या, त्याचा वर्ग करून दुप्पट करा, म्हणजे त्या दोघांच्या प्रकाश-सदिशांचा अवकाशकालातला आंतरगुणाकार मिळतो. गॅमा मॅट्रिक्सच्या प्रकरणात एक विसममित मॅट्रिक्स कुठून तरी अवतरतो आणि ‘यानेच स्पिनरांचा गुणाकार करायचा’ असं सांगितलं जातं. तो मॅट्रिक्स म्हणजे या कागदावरचं क्षेत्रफळ.

यापेक्षाही लहान जग, एक अधिक एक मितींचं, पटकन उरकता येतं. तिथे फिरायला जागाच नाही. अ चा वर्ग उजवीकडे जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता देतो, ब चा वर्ग डावीकडे जाणाऱ्याची, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पुढे ‘उजवे’ आणि ‘डावे’ स्पिनर भेटतात त्यांचं मूळ रूप इथे दिसतं, म्हणून ते लक्षात ठेवायचं.

आता आपलं जग, तीन अधिक एक. सूत्र तेच, फक्त अ आणि ब आता संमिश्र आहेत. ट म्हणजे दोघांच्या मापांच्या वर्गांची बेरीज, एक दिशा म्हणजे त्या वर्गांची वजाबाकी, आणि उरलेल्या दोन दिशा मिळून एक संमिश्र संख्या, २ गुणिले अ चा संयुग्मी गुणिले ब. पुन्हा प्रकाश-सदिशच मिळतो. नवीन गोष्ट एवढी की अ आणि ब या दोघांना एकाच कलेने फिरवलं, म्हणजे माप १ असलेल्या एकाच संमिश्र संख्येने गुणलं, तर प्रकाश-सदिशाला त्याचा पत्ता लागत नाही. मागच्या जगात फक्त चिन्ह लपत होतं. इथे अख्खा एक कोन लपतो. तो कोन चित्रात कुठे दाखवायचा?

याचं उत्तर ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोझ यांच्या ध्वजाच्या चित्रात आहे. प्रकाश-सदिश ही काठी, आणि काठीला लागून असलेलं, प्रकाशशंकूला स्पर्श करणारं अर्धप्रतल हा ध्वज. कला जितकी फिरवाल त्याच्या दुप्पट कोनातून ध्वज काठीभोवती फिरतो. कला १८० अंश फिरली की ध्वज पूर्ण फेरी मारून जागेवर येतो, आणि स्पिनर उणे झालेला असतो.

चार मितींतलं अर्धप्रतल ‘दिसत’ नाही अशी तुमची तक्रार असेल, तर मान वर करून आकाश पाहा. मी स्वतः ध्वजापेक्षा आकाशातूनच विचार करते. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक किरणाची दिशा म्हणजे आकाशाच्या गोलावरचा एक बिंदू. ब भागिले अ हे गुणोत्तर तो बिंदू ठरवतं, कारण संमिश्र संख्या आणि एक अनंत बिंदू मिळून जो रीमान गोल बनतो तोच हा आकाशाचा गोल. मग ध्वज म्हणजे त्या बिंदूपाशी गोलाला टेकलेला एक छोटा बाण, आकाशाच्याच पृष्ठावर आडवा पडलेला. म्हणून चिन्ह सोडलं तर स्पिनर म्हणजे आकाशातला एक बिंदू, एक तीव्रता आणि त्या बिंदूवरचा एक स्पर्शबाण. मोजून पाहा. बिंदूला दोन संख्या, तीव्रतेला एक, बाणाच्या दिशेला एक, एकूण चार. दोन संमिश्र संख्यांतही वास्तव संख्या चारच.

हे चित्र काम करतं, नुसतं शोभेचं नाही. दोन बाय दोनचे, निश्चयक १ असलेले संमिश्र मॅट्रिक्स स्पिनरवर चालतात तेव्हा आकाशाच्या गोलावर म्योबियस रूपांतरणं होतात. वेगात निघालेल्या निरीक्षकाला तारे पुढच्या दिशेला गोळा झालेले दिसतात. म्योबियस रूपांतरण वर्तुळाचं वर्तुळच ठेवतं, म्हणून वेगाने जाणाऱ्या गोळ्याची बाह्यरेषा कुणालाही वर्तुळाकारच दिसते. पेनरोझ यांनी हे १९५९ मध्ये दाखवलं. लॉरेन्ट्झ आकुंचनामुळे, म्हणजे वेगातली वस्तू गतीच्या दिशेने आखूड होण्यामुळे, गोळा चपटा दिसेल, या समजाला स्पिनरांच्या भूमितीने दिलेलं हे फार सुंदर उत्तर आहे.

काळ बाजूला ठेवून फक्त तीन मितींचं अवकाश घेतलं तर हेच चित्र फ्रेंच गणिती एली कार्तां यांच्या मूळ विचाराशी जुळतं. स्पिनर त्यांनी १९१३ मध्येच शोधले होते, इलेक्ट्रॉनच्या स्पिनची (अंगभूत फिरकीची) कल्पना येण्याच्या बारा वर्षं आधी. त्यांनी संमिश्र घटक असलेला, स्वतःशी गुणाकार शून्य येणारा त्रिमितीय सदिश घेतला. त्याचा वास्तव भाग आणि काल्पनिक भाग असे दोन साधे बाण पाहिले तर ते एकमेकांना लंब आणि समान लांबीचे निघतात. दोन लंब बाण मिळाले की तिसरा आपोआप ठरतो. म्हणजे स्पिनर हा एकटा बाण नाही, एक अख्खी तीन अक्षांची चौकट आहे, तिला एक माप आहे आणि वर एक चिन्ह आहे. इलेक्ट्रॉनचा स्पिन एका बाणाने दाखवतात तेव्हा चौकटीतला एक अक्ष दाखवलेला असतो आणि बाकीचे दोन पुसलेले असतात.

ते चिन्ह निव्वळ कागदावरचं आहे असं समजू नका. १९७५ मध्ये ग्रेनोबल आणि मिसुरी इथल्या दोन गटांनी न्यूट्रॉनचा झोत सिलिकॉनच्या स्फटिकाने दोन वाटांत विभागला, एका वाटेवर चुंबकीय क्षेत्रात स्पिन फिरवला आणि दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या. ३६० अंशांनंतर व्यतिकरण उलटं झालं, ७२० अंशांनंतर मूळपदावर आलं.

तुमच्या डिरॅक समीकरणातला चार घटकांचा स्पिनर म्हणजे असे दोन ध्वज, एक डावा आणि एक उजवा. त्या दोन काठ्यांची बेरीज म्हणजे कणाचा प्रवाह-सदिश. दोन प्रकाश-सदिश वेगळ्या दिशांचे असतील तर त्यांची बेरीज शंकूच्या आत पडते, म्हणजे प्रकाशापेक्षा कमी वेगाची. वस्तुमान हे डाव्या-उजव्याला एकमेकांत बदलत ठेवणारं पद आहे. समीकरण बघताना हे दोन ध्वज मनात ठेवा, गॅमा मॅट्रिक्स बरेच सुसह्य होतात.

आता वरच्या मिती. सूत्राकडे परत या आणि ते कशामुळे चाललं ते शोधा. ट² मधून पहिल्या दिशेचा वर्ग वजा केला की अ च्या मापाचा वर्ग गुणिले ब च्या मापाचा वर्ग गुणिले ४ उरतो. तो उरलेल्या दिशांच्या वर्गांइतका भरायला हवा असेल तर ‘गुणाकाराचं माप म्हणजे मापांचा गुणाकार’ हा नियम लागतो. आणि हुर्विट्झ यांनी १८९८ मध्ये सिद्ध केलं की हा नियम पाळणाऱ्या, माप नेहमी धन असणाऱ्या संख्याप्रणाली चारच आहेत : वास्तव, संमिश्र, हॅमिल्टनचे क्वाटर्निअन आणि ऑक्टोनिअन. त्यांच्या मिती १, २, ४, ८. त्यात ट आणि पहिली दिशा अशा दोन मिळवा, म्हणजे अवकाशकालाच्या मिती येतात ३, ४, ६ आणि १०. मूलकणांना सूक्ष्म तारा मानणारा सुपरस्ट्रिंगचा सिद्धांत अभिजात पातळीवर याच चार आकड्यांच्या मितींत लिहिता येतो, आणि पुंज सिद्धांत त्यांतून १० निवडतो. तुमच्या व्याख्यानातल्या दहा मिती त्या कागदी शंकूच्याच घराण्यातल्या आहेत.

प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा. प्रकाश-सदिश ठरला, आता स्पिनरमध्ये लपलेलं काय उरलं?

तीन मितींत उरतात दोन बिंदू, अधिक आणि उणे. चार मितींत उरतं वर्तुळ. सहा मितींत क्वाटर्निअनच्या जोडीत ८ वास्तव संख्या, प्रकाशशंकूला लागतात ५, म्हणून उरतात ३, आणि आकार त्रिमितीय गोलाचा. दहा मितींत १६ पैकी शंकूला ९, उरतात ७, आकार सप्तमितीय गोलाचा. हाइन्झ हॉप्फ यांनी १९३० च्या दशकात अभ्यासलेले गोलांचे तंतुविन्यास ते हेच. एक जपून लक्षात घ्यायचं. ऑक्टोनिअनच्या गुणाकाराला साहचर्य नियम लागू नाही, त्यामुळे दहा मितींत अ आणि ब ला एकाच संख्येने गुणून हा गोल मिळत नाही. एकाच प्रकाश-सदिशावर जाणाऱ्या सगळ्या स्पिनरांचा संच म्हणूनच तो पाहावा लागतो.

हे नुसतं मोजमाप झालं. चित्र हवं असेल तर पुन्हा आकाशाकडे चला. सहा मितींच्या अवकाशकालात आकाश चार मितींचा गोल असतो, म्हणून आकाशाच्या एका बिंदूपाशी स्पर्शावकाश चार मितींचं असतं. तिथे एक बाण पुरत नाही. स्पिनर तिथे तीन ‘चतुर्थांश फेऱ्या’ नेमून देतो, ज्यांचे आपसातले गुणाकार हॅमिल्टनच्या तीन काल्पनिक एककांसारखे चालतात. म्हणजे स्पर्शावकाशावर क्वाटर्निअनची घडण बसवली जाते, तिन्ही एककांच्या नावांसकट. दहा मितींत आकाश आठ मितींचं. तिथे स्पिनर असा त्रिगुणाकार नेमतो, की परस्परांना लंब अशा कुठल्याही तीन दिशा दिल्या की चौथी ठरते. ही ऑक्टोनिअनची घडण. आणि दोन्हीकडे, नेहमीप्रमाणे, चिन्ह तेवढं संदिग्ध. मला विचाराल तर ‘दहा मितींतला स्पिनर दिसत नाही’ याचं खरं उत्तर इथे आहे. काठी तीच राहते, ध्वजाच्या जागी दर वेळी अधिक समृद्ध घडण येते.

मधल्या मितींत ही सुबकता टिकत नाही, हेही स्पष्ट सांगते. चार अधिक एक मितींत किंवा दहा अधिक एक मितींत स्पिनरचा ‘वर्ग’ शंकूवरच पडेल असं नाही, तो शंकूच्या आतही जातो. शिवाय घटक झपाट्याने वाढतात. ४ मितींत ४, १० मितींत ३२, २० मितींत १०२४. (१० मितींत ३२ चे १६ होतात ते डावा-उजवा भेद आणि वास्तवतेची अट या दोन्हींमुळे.) सदिशाचे घटक मितींइतकेच राहतात, तेव्हा १०२४ घटकांचा स्पिनर एका बाणात आणि छोट्या घडणीत मावेल ही अपेक्षाच चुकीची.

अशा वेळी कार्तां यांचं दुसरं चित्र हाताशी असावं. सम मितींत, संमिश्र सहगुणक चालवून घेतले, तर काही स्पिनर एका अख्ख्या शून्यलांबीच्या प्रतलाकडे बोट दाखवतात. निम्म्या मितींचं प्रतल, ज्यातल्या प्रत्येक सदिशाची लांबी शून्य. अशा स्पिनरांना शुद्ध स्पिनर म्हणतात. सहा मितींपर्यंत प्रत्येक डावा किंवा उजवा स्पिनर शुद्धच असतो. आठ मितींत एक द्विघाती अट लागते. दहा मितींत १६ संमिश्र मितींच्या डाव्या स्पिनरांपैकी शुद्ध तेवढे ११ मितींचा भाग व्यापतात. ‘सगळेच स्पिनर शुद्ध’ हे लहान मितींचं भाग्य आहे, आणि माझ्या मते आठव्या मितीपासून ‘मला दिसत नाही’ असं वाटण्याचं मुख्य कारण हेच.

संमिश्र प्रतल म्हटल्यावर पुन्हा अंधार वाटत असेल तर दोन अधिक दोन मितींचं जग घ्या, दोन काळ आणि दोन अवकाश. लांबीचा वर्ग प² + फ² − र² − स². त्यात (म, न, म, न) असे सगळे सदिश पाहा. म आणि न काहीही असोत, लांबी शून्य. हे पूर्ण वास्तव, द्विमितीय, शून्यलांबीचं प्रतल आहे, आणि तिथला वास्तव स्पिनर अशाच प्रतलाकडे बोट दाखवतो. आपल्या तीन अधिक एक जगात ते प्रतल संमिश्र होतं, त्याचं संयुग्मी प्रतल वेगळं असतं, आणि ती दोन एका वास्तव रेषेत छेदतात. ती रेषा म्हणजे ध्वजाची काठी. दोन्ही चित्रं इथे भेटतात.

प्रश्न : पट्ट्याचं एक टोक बांधून दुसरं दोनदा पिळलं तर टोक न फिरवता पीळ सोडवता येतो, एकदाच पिळलं तर येत नाही, असं प्रात्यक्षिक पाहिलं. हे सगळ्या मितींत खरं आहे का?

उत्तर : अवकाशाच्या तीन किंवा अधिक मिती असतील तर हो. तिथे फिरवण्याच्या वाटा दोनच प्रकारच्या असतात, सम फेऱ्या आणि विषम फेऱ्या, आणि सम फेऱ्या हळूहळू सरकवत ‘काहीच केलं नाही’ इथपर्यंत आणता येतात. दोन मितींत मात्र नाही. सपाट जगात दोन फेऱ्या दोनच राहतात, दहा दहाच. म्हणून वरच्या कागदी शंकूवर दोन थर आले तरी गणित तीन थर, पाच थर किंवा अगणित थर घ्यायलाही परवानगी देतं. सपाट जगातल्या कणांना अधिक-उणेच्या मधल्या कला घेता येतात ते यामुळेच. अशा कणांची शक्यता लाइनास आणि मिरहाइम यांनी १९७७ मध्ये मांडली, फ्रँक विल्चेक यांनी १९८२ मध्ये त्यांना एनिऑन हे नाव दिलं, आणि अत्यंत पातळ थरांतल्या इलेक्ट्रॉनांमध्ये त्यांचे थेट पुरावे २०२० मध्ये मिळाले. पट्ट्याच्या प्रात्यक्षिकाबद्दल माझं एकच म्हणणं आहे. ते चौकट फिरवण्याच्या वाटांबद्दल सांगतं, स्पिनर ही वस्तू काय आहे ते सांगत नाही. दोन्ही लागतं.

प्रश्न : अवकाशकाल वक्र असेल तर प्रत्येक बिंदूवर असा ध्वज लावता येतो का? चिन्हाचा गोंधळ होत नाही का?

उत्तर : एकेका बिंदूवर नेहमी येतो. अडचण येते ती सगळीकडची चिन्हं एकमेकांशी जुळवताना. वक्र अवकाशात एक गोलपृष्ठ कल्पा. त्याच्या उत्तर ध्रुवावरच्या बिंदूएवढ्या फासापासून सुरुवात करून फास मोठा करत विषुववृत्तापर्यंत आणा आणि पुढे लहान करत दक्षिण ध्रुवावर मिटवा. उत्तरेकडून बेतलेली चौकट आणि दक्षिणेकडून बेतलेली चौकट यांची विषुववृत्तावर तुलना करा. एक फेरी मारताना त्या एकमेकींसापेक्ष सम वेळा फिरल्या तर स्पिनरांची चिन्हं जुळतात. विषम वेळा फिरल्या तर चिन्ह कुठे तरी तुटणारच.

साध्या गोलपृष्ठावर ही संख्या २ येते, म्हणून काही अडत नाही. संमिश्र प्रक्षेपीय प्रतल या चार मितींच्या अवकाशात असं एक गोलपृष्ठ बसलेलं आहे, ज्याच्या स्वतःच्या पृष्ठाकडून २ आणि लंब दिशांकडून १ असे एकूण ३ येतात. विषम. म्हणून त्या अवकाशावर स्पिनर सर्वत्र सुसंगतपणे मांडताच येत नाहीत, कितीही हुशारीने चौकटी निवडल्या तरी. उलट काही अवकाशांवर मांडण्याच्या एकाहून अधिक रीती असतात. वर्तुळावर दोन, मेदूवड्याच्या आकाराच्या पृष्ठावर चार, कारण दोन्ही दिशांनी फेरी मारताना चिन्ह राखायचं की बदलायचं हे स्वतंत्रपणे ठरवता येतं.

दोन आणि तीन मितींच्या, डावं-उजवं नीट ठरलेल्या कुठल्याही अवकाशात ही अडचण येत नाही. ती चार मितींपासून सुरू होते. आपल्या प्रकारच्या अवकाशकालासाठी रॉबर्ट गेरोक यांनी १९६८ मध्ये नेमकी अट सिद्ध केली. अवकाशकाल कुठेही स्वतःवर मिटून बंदिस्त झालेला नसेल, आणि त्यात काळाची व अवकाशाची दिशा ठरलेली असेल, तर स्पिनर तेव्हाच मांडता येतात जेव्हा एका काळ-अक्षाची आणि तीन अवकाश-अक्षांची चौकट संपूर्ण अवकाशकालात कुठेही न तुटता बसवता येते.